तहानलेला प्रभू

हे मनन दुपारचे आहे. पहाटे देव जवळ वाटायला फारसे कष्ट पडत नाहीत. पांझरेच्या काठी किंवा मेहरुणच्या तलावावर गार वारा असतो, मन हलके असते, प्रार्थनेला शब्द आपसूक सुचतात. आपल्या खानदेशात विश्वासाची खरी कसोटी वैशाखातल्या दुपारी लागते. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात जातो, रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटते, दुकानांची शटरे अर्धी खाली येतात आणि माणूस दार लोटून नुसता पडून राहतो. काही सुचत नाही. देवाचे नावही ओठांवर येत नाही. त्या वेळी देव कुठे असतो? असतो तर कसा असतो? त्या प्रश्नापाशी आज सावकाश बसायचे आहे. घाई करू नका. मन जिथे थांबेल तिथे वाचन थांबवा. उरलेले उद्या वाचले तरी चालेल.

बसा. ओट्यावर, खुर्चीवर, भिंतीला टेकून जमिनीवर, जसे जमेल तसे. पाण्याचा तांब्या भरून शेजारी ठेवा, पण अजून पिऊ नका. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा. आधी श्वास कसा चालला आहे ते बघा. तो बदलायला जाऊ नका. मग लक्ष घशाकडे न्या. कोरड आहे का? जीभ टाळूला लागते आहे का? ही कोरड तुमची आहे, आजची आहे. तिला इथेच असू द्या.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढा. पुस्तक हाताशी नसेल तर मी सांगतो तसे डोळ्यांपुढे आणा. यहूदीयातून गालीलाकडे जाणारी वाट, मध्ये शोमरोन. दुपारचे बारा. सूखार नावाच्या गावाबाहेर एक जुनी विहीर, याकोबाची म्हणून ओळखली जाणारी. शिष्य खायला काही विकत आणायला गावात गेले आहेत. विहिरीपाशी एक जण टेकला आहे, चालून चालून थकलेला. विहीर खोल. आजही ती नाब्लुस शहरात एका ऑर्थोडॉक्स चर्चच्या आत आहे आणि तिची खोली सुमारे ४० मीटर भरते. याच्याजवळ पोहरा नाही, दोर नाही. पाणी खाली, तहान वर.

त्याच्याकडे बघत राहा. लगेच काही विचारू नका. पायांवरची धूळ बघा. सुकलेले ओठ बघा. घाम वाळून कपड्यावर मिठाची पांढरी रेघ उमटली असेल. शेतातून परतणाऱ्या माणसाच्या सदऱ्यावर ती आपण रोज पाहतो. सध्या एवढेच. एक थकलेला माणूस बसला आहे.

मग हळूच आठवा, याच योहानाने पहिल्या अध्यायात याच्याविषयी काय सांगितले आहे. सृष्टी व्हायच्या आधीपासून जो देवात होता आणि देवच होता, ज्याच्या हातून हे सगळे घडले, तोच देह धरून आपल्यात आला, असा त्या अध्यायाचा आशय आहे. म्हणजे मुलताईला उगम पावून आपला मुलूख ओलांडत सुरतेकडे जाणारी तापी याची. गिरणा, वाघूर, अनेर, पांझरा याच्या. सातपुड्यावर मृगात जमणारे ढग याचे. आणि हा एका अनोळखी बाईकडे प्यायला पाणी मागतो आहे.

या दोन गोष्टी एकदम मनात धरायला जड जातात. तरी धरा. मन एकीकडे कलंडू बघेल. कधी म्हणेल, देवाला कसली तहान, हे वरवरचे असणार. कधी म्हणेल, फार थोर माणूस होता, पण माणूसच. दोन्ही वाटा सोप्या आहेत आणि दोन्ही वाटांनी गेलेले लोक पहिल्यापासून आहेत.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियामध्ये आरियस नावाचा एक धर्मगुरू शिकवू लागला, की पुत्र सगळ्या निर्मितीत श्रेष्ठ खरा, पण तोही निर्माण केलेलाच; पित्याच्या तोडीचा देव नव्हे. त्याच्या बाजूच्या लोकांनी पुरावा म्हणून पुढे केली ती हीच तहान, हाच थकवा, लाजराच्या कबरेपाशी आलेले अश्रू. देव दमतो का, देव रडतो का, असे ते विचारत. इ.स. ३२५ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या निकाया गावी सम्राट कॉन्स्टंटाइनने परिषद बोलावली आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे मंडळीने तिथे ठाम सांगितले. २०२५ मध्ये त्याला १७०० वर्षे झाली. अथनेशियस तेव्हा अलेक्झांड्रियाचा तरुण डीकन होता. पुढे बिशप झाल्यावर त्याला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले; आयुष्याची सतरा वर्षे त्याने आपल्या मंडळीपासून लांब काढली. त्याने आरियसवाद्यांना दिलेले उत्तर या विहिरीपाशी आले की मला आठवते. भूक, तहान, वेदना ही देहाची असली तरी ती पुत्राचीच म्हणायची, कारण तो देह त्याचा स्वतःचा होता, कोणाकडून उसना आणलेला नव्हता, असे त्याचे म्हणणे.

एवढा वाद कशासाठी, असे आपल्या मंडळीतही लोक विचारतात. रविवारी उभे राहून मतांगीकार म्हटला की झाले, असे वाटते. मला विचाराल तर तो वाद वैशाखातल्या दुपारी घरात पडून राहिलेल्या माणसासाठीच झाला. येशू हा देवाने धाडलेला निरोप्या असेल, मग तो कितीही मोठा असो, तर तहान लागली ती निरोप्याला. देव वरच राहिला, आपली कोरड त्याला ऐकून माहीत. पण विहिरीपाशी बसलेला तो देवच असेल, तर तहान काय असते ते देवाने स्वतःच्या घशात जाणले आहे. लग्नाची पत्रिका टपालाने येणे आणि घरातले वडील माणूस अक्षता घेऊन दारात उभे राहणे, यांतला फरक आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. देव दारात आला.

इथे थांबा. श्वास घेताना मनात म्हणा, तू स्वतः आलास. सोडताना काही म्हणू नका. असे काही वेळ चालू द्या. मन भरकटले, उद्याच्या कामांकडे गेले, तरी त्याच्यावर चिडू नका. पुन्हा विहिरीपाशी आणा.

देव सगळीकडे आहे, हे आपल्या मातीत कोणाला नवे नाही. शेजारच्या माळकरी आजीही तेच सांगतात आणि मी ते आदराने ऐकतो. १३९ व्या स्तोत्राच्या कर्त्यालाही आकाशापासून अधोलोकापर्यंत देवापासून सुटायला जागा सापडली नाही. ख्रिस्ती विश्वासात या सर्वत्र असण्याला एक चेहरा मिळतो. ज्याला कुठलीच जागा पुरत नाही, त्याने विहिरीच्या कडेची हातभर जागा घेतली. म्हणून त्याच्या जवळ असण्याचा विचार करताना मला वर बघावे लागत नाही. बाजूला बघितले तरी पुरते.

आता त्या बाईकडे बघा. ती भर उन्हात एकटीच पाण्याला का आली, ते योहान सांगत नाही. तिच्या चारित्र्यावरून लोकांनी पुष्कळ तर्क लढवले आहेत. मला ते पटत नाहीत. घरातले पाणी संपले की बाई ऊन बघत बसत नाही, हे खानदेशातल्या कोणत्याही खेड्यात दिसते. तिला धक्का बसतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हा यहूदी, मी शोमरोनी, आणि हा माझ्या भांड्यातले पाणी मागतो? यहूदी लोक शोमरोन्यांच्या भांड्यांना शिवत नसत.

आपल्याला हे कळायला टीप लागत नाही. माझ्या आजीच्या गावी एस. टी. थांब्यापाशी उन्हाळ्यात पाणपोई असे. दोन रांजण, त्यांना गुंडाळलेले ओले तरट, वर लाकडी झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे. पाणी देणारा वरून धार धरी, पिणारा वाकून ओंजळ ओठांशी नेई. पाणपोई सगळ्यांसाठी होती. पण धार किती उंचावरून पडायची, ते समोर कोण उभे आहे यावर ठरे. आजी हे सांगताना हात वर करून ती उंची दाखवायची. तिचा हात खांद्याच्याही वर जायचा, आणि तिथे थोडा वेळ तसाच राहायचा.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळीतल्या पुष्कळ घराण्यांच्या मागे ती उंचावरची धार आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्याले. ज्या भूमीत एक ओंजळ पाणी पिणे हा सत्याग्रह ठरला, तिथे देवाने परक्या समाजाच्या बाईचे भांडे मागितले हे वाचून पुढे सटकता येत नाही. मंडळीनेही इथे स्वतःकडे बघावे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात सगळ्यांच्या अंगावरून एका दिवसात उतरली नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त ते सरळ लिहून ठेवले आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंना तिथवर यायला आणखी पाच वर्षे लागली. सोवळे, स्वयंपाक, पाणी यांच्याशी झालेली त्यांची झटापट हा त्या पुस्तकातला सर्वांत प्रामाणिक भाग आहे असे मला वाटते.

आता तांब्या उचला. प्या. घोट घशातून कसा उतरतो तिकडे लक्ष असू द्या. आणि मनात बघा, तो विहिरीपाशी बसलेला हात पुढे करून तुमचे भांडे मागतो आहे. रोजच्या वापरातले, उष्टे, पोचे पडलेले. धुऊन आणू का, असे विचाराल. तो आहे तसेच मागेल. पाहुण्यांसमोर आपण जे काढत नाही असे काहीतरी प्रत्येकाच्या घरात आणि मनात असते. एखादे जुने भांडण, एखादे व्यसन, कोणाला न सांगितलेली भीती, कर्जाचा आकडा. ते आज त्याच्या हातात द्या. त्याविषयी बोलायलाच हवे असे नाही.

पाणी मागणारा मग तिला पाणी देऊ करतो. जे पाणी तो देईल ते आतमध्ये झऱ्यासारखे उसळत राहील, असे तो सांगतो. बाईला आधी वाटते, बरे झाले, रोजची खेप वाचेल. तिच्यावर हसू नये. खेप वाचणे ही लहान गोष्ट नाही. पण आपल्याकडे विहीर खोदताना म्हातारी माणसे काय विचारतात ते आठवा. किती हात गेली, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारतात, जिवंत झरा लागला का? पावसाचे साठलेले पाणी फाल्गुनात तळ गाठते. जिवंत झरा असला की उपसले तरी रात्रीतून पुन्हा वर येते. यावल-रावेरकडे केळीच्या बागांखाली पाण्याची पातळी खाली खाली गेलेली पाहिलेल्या शेतकऱ्याला हा प्रश्न किती खोल आहे ते ठाऊक असते. तो झरा माझ्या भक्तीने भरत नाही. रविवारच्या उपासनेतले साठलेले पाणी बुधवारपर्यंत संपते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. तळाशी जो आहे तो वेगळा. मी त्याला विसरलेलो असतो तेव्हाही तो वाहत असतो. तळाकडे बघा. दिसणार नाही. कान देऊन बसा.

तहानेचे आणखी एक ठिकाण आहे. तिथे गेल्यावाचून हे मनन खोटे ठरेल. याच शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात, वधस्तंभावरून, येशू आपल्याला तहान लागल्याचे बोलून दाखवतो. विहिरीपाशी निदान घागर घेऊन आलेली एक बाई समोर होती. इथे आंबेत भिजवलेला स्पंज त्याच्या तोंडाला लावतात.

जळगाव आणि भुसावळच्या मध्ये भादली हे लहानसे रेल्वे स्थानक आहे. ५ मे १९१८ रोजी तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे गाडीखाली सापडून गेले. आपले बालकवी. धरणगावी जन्मलेले, आणि १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्यांना बालकवी ही पदवी मिळाली ते. वय अवघे २७. नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी ते पोटच्या मुलासारखे राहिले होते; त्या घराने त्यांना ख्रिस्ती केले नाही आणि परकेही मानले नाही. ते गेले त्याच्या आदल्याच वर्षी टिळकांनी मिशनची बांधिलकी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला होता, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या सगळ्या येशूभक्तांसाठी. आणि वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकही गेले.

मे महिन्यात गाडी भादलीवरून जाते तेव्हा मी खिडकीतून रुळांकडे बघतो. खडी तापलेली असते, रुळांवर झळा थरथरत असतात, लांबपर्यंत माणूस दिसत नाही. त्या दिवशी देव इथे होता का? या प्रश्नाला सजवलेले उत्तर मी देणार नाही. देवाची इच्छा होती असे म्हणून मोकळे होणारे लोक मला सहन होत नाहीत. ज्यांचे मूल गेले त्यांच्यासमोर असे बोलू नये. मी एवढेच जाणतो, की निकायाने ज्याला पित्याशी एकतत्त्व म्हटले, त्यानेच दुःख सोसले असेही त्याच मतांगीकारात सांगितले. देव मरणाच्या आत जाऊन आला आहे. कोणी एकटे मरते तेव्हा ते ज्या जागी जाते, ती जागा त्याच्या पायांखालची आहे. टिळक आपल्या अभंगांत ख्रिस्ताला माउली म्हणत. १९१८ च्या त्या मे महिन्यात टिळकांच्या घरात ती हाक कशी उमटली असेल, तिथवर माझी कल्पना पोहोचत नाही.

थोमाही इथेच बसवता येईल. पुनरुत्थानाची बातमी ऐकून त्याचा विश्वास बसला नाही. जखमा बघितल्यावर त्याने येशूला आपला प्रभू आणि आपला देव म्हणून हाक मारली. तेजाचे वलय त्याने मागितलेच नव्हते. खिळ्यांच्या खुणा मागितल्या होत्या, आणि येशूने हात पुढे केले.

आता तुमच्या घरातले कोणी गेले असेल, त्या जागी मनाने जा. दवाखान्याची ती खाट, तो रस्ता, ती विहीर. येशूला तिथे उभा करायचा प्रयत्न करू नका. तो तुमच्या प्रयत्नाने येत नाही. जागा रिकामी वाटली तर रिकामी वाटू द्या. सान्निध्य जाणवले नाही म्हणून ते नव्हते असे होत नाही. अम्माऊसची वाट सुमारे ११ किलोमीटरची. त्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर बोलत चालले आणि तो त्यांना ओळखू आला नाही. भाकर मोडली तेव्हा कळले. कळण्याआधीची सगळी वाट तो बरोबरच होता.

दिवसाच्या धावपळीत यातले फारसे काही बरोबर नेता येत नाही, आणि तशी गरजही नाही. भुसावळच्या फलाटावर गाडी दोन तास उशिरा असल्याचे कानावर येईल, दवाखान्याच्या व्हरांड्यात नंबर पुढे सरकणार नाही, जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्यांची रांग हलणार नाही, घसा कोरडा पडेल. तेव्हा त्या कोरडीला एवढेच सांगा, हे त्याला माहीत आहे.

योहानाने एक गोष्ट लिहिलीच नाही. येशूला शेवटी पाणी मिळाले का? बोलणे लांबले, शिष्य परत आले, बाई घागर तिथेच टाकून गावात गेली. त्याच्या त्या तहानेचे पुढे काय झाले, याचा शब्दही नाही. मिळाले असावे असे मला वाटते, कारण त्यानंतर गावचे लोक आले, आमच्याकडे राहा म्हणाले, आणि तो दोन दिवस राहिला. राहिला म्हणजे जेवण आले, अंथरूण आले, पाय धुवायला पाणी आले, त्यांचीच भांडी आली. शिष्य त्या दोन दिवसांत काय करत होते कोणास ठाऊक. त्यांना जड गेले असणार.

शेवटी त्या दोन दिवसांत बसा. कोणाच्या अंगणात तो निजला? भाकरी कोणी केली? कोणती पोरे भोवती जमली? शास्त्र सांगत नाही, तेव्हा तुम्हाला मोकळीक आहे. मग ते घर तुमचेच करा. तुमचा ओटा, तुमचा माठ, भिंतीवरचे कॅलेंडर, कळण्याची भाकरी आणि ठेचा, रात्री गच्चीवर टाकलेली गादी. त्याला राहा म्हणा. संकोच वाटला तर संकोचासकट म्हणा.

दोन दिवसांनी ते गावकरी त्या बाईशी बोलले. आता त्यांचा विश्वास तिच्या सांगण्यावर उरला नव्हता; त्यांनी स्वतः ऐकले होते, आणि हा साऱ्या जगाचा तारणारा आहे हे त्यांनी ओळखले होते. निकायाची परिषद भरायला अजून जवळजवळ तीनशे वर्षे होती. एकतत्त्व हा शब्द त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडी नव्हता. तो दोन रात्री त्यांच्या घरी राहिला होता.